किल्ली एका हातात, डिपॉझिट दुसऱ्या

मार्च संपला की आमच्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. परीक्षा आटोपतात, बदल्या होतात, सोसायटीच्या गेटपाशी टेम्पो लागतात आणि डिपॉझिटवरून वाजायला सुरुवात होते. शिवाजीनगर कोर्टात वकिली करताना मी दोन्ही बाजूंची वकीलपत्रं घेतली आहेत. त्यामुळे घरमालक लबाड की भाडेकरू लबाड, या वादात मला ओढू नका. नमुने दोन्हीकडे आहेत. खाली निवडक पत्रं घेतली आहेत. नावगाव काढलं आहे, आकडे पत्रातलेच ठेवले आहेत.

प्रश्न : आम्ही वाकडला टू बीएचकेमध्ये दोन वर्षं राहिलो. भाडं २६,००० आणि डिपॉझिट १ लाख. मालक अमेरिकेत असतात, इथला व्यवहार त्यांचे मेहुणे पाहतात. ३१ मार्चला घर सोडून आम्ही किल्ल्या मेहुण्यांकडे दिल्या. ‘आठवड्यात पैसे टाकतो’ म्हणाले आणि दीड महिन्याने ४८,५०० रुपये जमा झाले. रंगकाम २६,०००, डीप क्लीनिंग ७,०००, गीझर ८,५०० आणि ‘किरकोळ’ १०,००० असे कापले म्हणे. बिलं मागितली तर ‘सगळीकडे असंच असतं’ हे उत्तर. ॲग्रीमेंट नोंदवलेलं आहे. त्यात रंगकामाबद्दल एक ओळही नाही. आता काय करता येईल? (एक वाचक, सध्या बाणेर)

उत्तर : ताई, पैसे हातात पडण्याआधी तुम्ही किल्ल्या दिल्यात, म्हणून हे पत्र लिहावं लागलं. पण झालं ते झालं. एकेक कपात बघू.

‘एक महिन्याचं भाडं रंगाला’ ही पुण्या-मुंबईत एजंटांनी रुळवलेली प्रथा आहे. करारात लिहिली असेल तर ती अट आहे, एरवी नाही. दोन वर्षं माणसं राहिली तर भिंतीचा रंग मळतोच, सोफ्यामागे पट्टा उमटतो, कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक राहतं. ही वापराची झीज झाली. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्याबद्दल बोलताना हाच अपवाद केला आहे : जागा होती तशी परत द्यायची, वाजवी झीज सोडून. तुमचा कागद भाडेपट्ट्याचा नाही, लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा फक्त वापरायच्या परवानगीचा आहे. तरी वाद मिटवताना मोजपट्टी हीच लावतात, आणि बहुतेक छापील करारांत ‘नेहमीच्या वापरातील झीज वगळून’ हे शब्द असतात. तुमच्यात आहेत का बघा. मुलाने क्रेयॉनने अख्खी भिंत रंगवली असेल किंवा तुम्ही न विचारता एक खोली जांभळी केली असेल, तर त्या भिंतीचा, त्या खोलीचा खर्च मालक मागू शकतो. सबंध घराचा नाही.

गीझरचं जरा वेगळं आहे. तुमच्या भागात उन्हाळ्यात टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं. त्या क्षारांनी कॉइल जाते. यात भाडेकरूचा हात नाही. आठ वर्षांचा गीझर बंद पडला तर नव्या गीझरची पूर्ण किंमत तुमच्याकडून कशी घेणार? दुरुस्तीचं बिल दाखवावं, गीझर कधीचा आहे ते सांगावं, मग बोलू. साफसफाईचे ७,००० तुम्ही घर झाडूनपुसून दिलं होतं की नाही यावर आहेत. निघतानाचे फोटो असतील तर तेच तुमचं उत्तर. आणि ‘किरकोळ’ नावाची वस्तू मी बाजारात कुठे पाहिलेली नाही. दहा हजारांना तर नाहीच.

आता वाट. पहिलं पत्र मेहुण्यांना नको, मालकांना घाला. डिपॉझिट परत करण्याची जबाबदारी करारात ज्यांचं नाव आहे त्यांची. मेहुणे फक्त त्यांच्या वतीने काम पाहतात. करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, तीच ईमेलवर आणि व्हॉट्सॲपवरही टाका. मजकूर साधा ठेवा : करार क्रमांक, डिपॉझिट कोणत्या तारखेला कोणत्या खात्यात भरलं, ताबा कधी दिला, किती परत आले, किती बाकी. कपातीची बिलं १५ दिवसांत द्या, नाहीतर ५१,५०० परत करा. एक वाक्य मात्र विसरू नका : ‘या नोटिशीच्या तारखेपासून थकीत रकमेवर व्याज मागितलं जाईल.’ १९७८ च्या व्याज कायद्यात अशी लेखी सूचना दिल्या तारखेपासून व्याज देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. सूचनाच दिली नाही तर पुढे ते व्याज मागणं अवघड होऊन बसतं.

तरी हलले नाहीत तर लगेच दाव्याकडे धावू नका. पन्नास हजारांसाठी वकिलाची फी आणि तारखा परवडत नाहीत, हे वकील असून मी सांगते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, पुण्याचं शिवाजीनगरलाच आहे. तिथे दाखलपूर्व, म्हणजे दावा घालण्याआधीचा अर्ज करा. ते समोरच्याला बोलावतात आणि प्रकरण लोक अदालतीपुढे ठेवतात. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, आणि त्यावर अपील नाही. समोरचा आला नाही तर मात्र लोक अदालत काही करू शकत नाही, तेव्हा दावा उरतो. त्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. पोलीस चौकीत गेलात तर ‘दिवाणी बाब आहे’ असं सांगून परत पाठवतील, आणि नुसत्या कपातीच्या वादात त्यांचं चूकही नसतं.

बाणेरच्या नव्या घरासाठी आता सांगते. माझ्या अशिलांना मी एक फुलस्केप कागद करायला लावते. घरात शिरायच्या दिवशी, सामान चढवायच्या आधी. खोलीवार यादी : हॉल, पंखे दोन, एकाचा रेग्युलेटर तीनवरच अडकतो. स्वयंपाकघर, ओट्याच्या कडेला चीर, खालची ट्रॉली बाहेर ओढताना घासते. मोठं बाथरूम, गीझर अमुक कंपनीचा, मालकांच्या सांगण्यानुसार २०१९ चा. खिडक्यांच्या जाळ्या सात, एक फाटकी. लाइट मीटरचं रीडिंग, पाइप गॅस असेल तर त्याचंही. किल्ल्या किती, लॅच कीच्या किती, गेटचे टॅग किती. खाली दोघांच्या सह्या. मग मोबाइलवर सलग एक व्हिडिओ काढायचा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवायचा, म्हणजे तारीख आपोआप पडते. निघताना तोच कागद समोर ठेवून पुन्हा फिरायचं, हिशेब तिथेच करायचा आणि पैसे खात्यात आल्याचा मेसेज वाजला की किल्ली द्यायची. करारातच लिहून घ्या : ‘रिकामा ताबा देण्याच्या वेळीच अनामत रक्कम परत केली जाईल. कपात असल्यास ती बिलांसह लेखी कळवली जाईल.’ एजंट म्हणेल, फॉरमॅटमध्ये बसत नाही. ऑनलाइन नोंदणीतही जादा अटी घालता येतात. बसते.

प्रश्न : कोथरूडचा आमचा वन बीएचके तीन विद्यार्थ्यांना दिला आहे. भाडं २१,०००, डिपॉझिट ५०,०००. करार ३१ मेला संपतो. एप्रिलपासून मुलांनी भाडं देणं बंद केलं, ‘काकू, डिपॉझिटमधून कापून घ्या’ म्हणतात. त्यातला एक तर म्हणतो की त्याची परीक्षा जूनमध्ये आहे, तो तोवर राहणार. मी एकटी आहे, भांडण जमत नाही. (कोथरूडच्या एक काकू)

उत्तर : काकू, आधी हिशेब करा. दोन महिन्यांचं भाडं ४२,०००. डिपॉझिटातले राहिले ८,०००. मेच्या विजेचं बिल जूनमध्ये येणार, ते उन्हाळ्याचं. वर कपाटाचं दार निखळलं असेल तर तुमच्याच पदरचे जातात. मुलं हे मुद्दाम करत नसतील, कारण अशा किती मालकांनी त्यांच्या सीनिअर मुलांचे पैसे बुडवलेत ते त्यांनी ऐकलेलं असतं. पण त्यांच्या भीतीपायी तुमची सुरक्षा रिकामी होते.

आजच एक मेसेज तिघांना आणि, करारात असतील तर, त्यांच्या पालकांनाही पाठवा. डिपॉझिट भाड्यात वळतं करायला माझी संमती नाही, एप्रिल आणि मेचं भाडं अमुक तारखेपर्यंत भरा, ३१ मेला घर पाहून, मीटर वाचून, हिशेब करून त्याच वेळी डिपॉझिट परत देईन. हे शेवटचं वाक्य मनापासून लिहा आणि पाळा. मुलांना तेवढंच हवं असतं. पालकांना एक फोन केलात तर बहुतेक वेळा पुढचं काही लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

जूनच्या परीक्षेवाल्याचं म्हणाल तर, राहू द्यायचं असेल तर करार वाढवून, भाडं आगाऊ घेऊन राहू द्या. कागदाशिवाय ‘बरं, राहा’ म्हणू नका. न विचारता राहिला तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २४ तुमच्या बाजूने आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लीव्ह अँड लायसन्स करार संपल्यावर जागा सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदत संपल्यापासून दुप्पट दराने भरपाई मागता येते. म्हणजे तुमच्या घराला महिना ४२,०००. हा आकडा त्या मुलाला सांगून बघा. कुलूप मात्र बदलू नका, सामान जिन्यात काढू नका. तसं केलंत की तक्रारदार तो होतो.

हीच गोष्ट भाडेकरूंनीही वाचावी. ‘डिपॉझिट मिळेपर्यंत घर सोडणार नाही’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मालक पैसे घेऊन समोर उभा नसेल तर एखाददुसरा दिवस ताणणं समजू शकते, पण महिनोन्महिने अडून बसलात तर दुप्पट भरपाईचा हिशेब तुमच्याच डिपॉझिटाला खातो. अशा वेळी ‘अमुक दिवशी अमुक वाजता ताबा द्यायला तयार आहे, रक्कम घेऊन या’ असं लेखी कळवणं शहाणपणाचं.

काकू, पुढच्या वेळी डिपॉझिट तीन महिन्यांचं घ्या आणि ‘अनामत रक्कम भाड्यापोटी वळती करता येणार नाही’ हे करारात घाला. आणि रागावू नका, पण विचारते : मुलांचे ते ५०,००० आज तुमच्याकडे वेगळे ठेवलेले आहेत का? ‘नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटातून देतो’ हे वाक्य मी इतक्या घरमालकांच्या तोंडून ऐकलं आहे! रक्कम खर्च झालेली असते, एवढाच त्याचा अर्थ. बँकेत वेगळी एफडी करा. करार बिनव्याजी असेल तर व्याज तुमचं. मुद्दल मुलांचं आहे.

प्रश्न : कांदिवलीला ८ लाख हेवी डिपॉझिट देऊन घर घेतलं. भाडं शून्य, मुदत दोन वर्षं. सहाच महिने झाले आणि दारावर बँकेची नोटीस चिकटवली गेली. मालकाने कर्ज थकवलंय म्हणे. आमचे पैसे बुडाले का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून हातातला चहा तसाच राहिला. हेवी डिपॉझिट म्हणजे घरमालकाला दिलेलं बिनतारण कर्ज. व्याजाच्या जागी तुम्हाला राहायला घर मिळतं. तारण मात्र तुमच्याकडे काहीच नसतं, ते बँकेकडे असतं. लीव्ह अँड लायसन्सने तुम्हाला जागा वापरायची परवानगी मिळते, जागेत हक्क मिळत नाही. कर्ज आधीचं असेल आणि तुम्हाला जागा द्यायला बँकेची संमती घेतलेली नसेल, तर बँकेपुढे तुमची बाजू लंगडी आहे. खोटा धीर देत नाही.

नोटीस कोणती ते आधी वाचा. सरफेसी या बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या २००२ च्या कायद्याखाली कलम १३(२) ची असेल तर कर्जदाराला पैसे भरायला ६० दिवस दिलेले असतात. म्हणजे अजून वेळ आहे. १३(४) ची, म्हणजे ताब्याची नोटीस असेल तर घाई करा. त्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत अर्ज करता येतो, आणि त्यासाठी या विषयातला वकील याच आठवड्यात गाठा. बँकेच्या शाखेत जाऊन करार दाखवा, आपण राहतोय हे लेखी कळवा. कधी कधी घर रिकामं करायला मुदत मिळते, तेवढीही कामाची. मालकाला नोटीस देऊन पूर्ण रक्कम मागा. करारात त्याने ‘जागेवर कोणताही बोजा नाही’ असं लिहून दिलं असेल तर प्रकरण नुसतं दिवाणी राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार करता येते. तो कागद जपा.

इतरांसाठी सांगते. लाखांत डिपॉझिट मागितलं की इंडेक्स टू (घराच्या नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) बघा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बघा, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा की बँकेचा बोजा नोंदला आहे का. सोसायटीच्या दफ्तरात बहुधा बँकेचं पत्र असतंच. सेरसाय या केंद्रीय नोंदणीच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून गहाणाचा शोध घेता येतो. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणा म्हणावं. आणि करार नोंदवायचाच. मुद्रांक शुल्काची भीती एजंट उगाच घालतात. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरायचे आणि त्या रकमेवर पाव टक्का. ८ लाखांवर दोन वर्षांचे १ लाख ६० हजार, त्यावर पाव टक्का म्हणजे हिशेबाने चारशे रुपये. नोंदणी फी शहरात हजार. आठ लाखांसाठी एवढं करायला लोक का कचरतात, मला उमगत नाही. माझं मत विचाराल तर, वर्षाच्या भाड्याहून मोठं डिपॉझिट देऊच नका. घर कितीही छान असो.

प्रश्न : आमचा करार ११ महिन्यांचा, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला. एजंट म्हणतो, ११ महिन्यांना नोंदणी लागत नाही. मालक आता डिपॉझिट ६० हजार नव्हे, ४० हजारच होतं म्हणतात. २० हजार मी रोख दिले होते. (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : बऱ्याच राज्यांत वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट असते, त्यावरून ही ११ महिन्यांची म्हण पडली. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ आहे : लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. तुझ्या कामाचा भाग त्याच कलमात पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला हे कलम लिहून पाठव. सोबत रोख दिलेल्या दिवसाचा काही मागमूस शोध : एटीएममधून काढल्याची नोंद, ‘पैसे मिळाले’ असा मेसेज, बाबांशी झालेलं चॅट. हे कलम जमेस धरूनसुद्धा, डिपॉझिटचा रुपयाही यापुढे रोख देऊ नकोस. मालकाच्या स्वतःच्या खात्यात टाक, एजंटाच्या तर मुळीच नाही.

प्रश्न : मी राहतो तो फ्लॅट मालकाने मध्येच विकला. नवे मालक म्हणतात, तुमचं डिपॉझिट आम्हाला मिळालेलं नाही. जुने म्हणतात, आता त्यांच्याकडून घ्या. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : जुन्या मालकांकडून घ्या. पैसे त्यांनी घेतले, करारावर सही त्यांची. शिवाय १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे जागा विकली की नवा मालक तुमच्या लायसन्सने आपोआप बांधला जात नाही, म्हणजे तो तुम्हाला ‘जा’ही म्हणू शकतो. राहायचं असेल तर नव्यांशी नवा करार नोंदवा आणि त्याच वेळी तिघांच्या सहीचा एक कागद करा, की जुन्यांकडची अनामत अमुक तारखेला नव्यांकडे वर्ग झाली. तो कागद होईपर्यंत जुन्यांना सोडू नका. मालक वारले असते तर गोष्ट वेगळी : मग वारस, त्यांना मिळालेल्या इस्टेटीपुरते, देणं लागतात.

प्रश्न : दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेणं आता बेकायदा आहे असा मेसेज फिरतोय. खरं का? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

उत्तर : महाराष्ट्रात नाही. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. त्यात राहत्या घराला दोन महिन्यांची आणि इतर जागांना सहा महिन्यांची मर्यादा आहे. पण तो नमुना आहे. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि आपल्याकडे १९९९ चाच चालतो. त्यात डिपॉझिटला वरची मर्यादा नाही. तुमची घासाघीस हीच तुमची मर्यादा. बेंगळुरूला आपल्या भाच्याकडे घरमालकाने दहा महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट मागितलं, असं एका वाचकाने कळवलं आहे. तिकडे असे आकडे ऐकू येतात. त्याला सांगा, आधी सहावर तोडायला बघ, मग मीटरचा फोटो काढ.